मध्यंतराची पंधरा मिनिटं

(दृश्य: मैदान. पंचांची शिट्टी. गॅलरीतून खाली उतरणारी गर्दी.)

मध्यंतर झालं. खेळाडू घाम पुसत बसलेत. गॅलरीखाली कचऱ्याच्या डब्यांपाशी उभ्या असलेल्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांची मॅच मात्र आत्ता सुरू होतेय: कचरा वेगळा करायची.

फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजचं हे मैदान. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा सामना आहे, आणि गोव्यात फुटबॉल म्हटलं की नुसते विद्यार्थी येत नाहीत. निवृत्त मास्तर येतात, कधीकाळी गावच्या टीममधून खेळलेले काका येतात, धाकट्या भावंडांची पलटण येते. सगळ्यांना तहान-भूक लागते ती एकाच वेळी. भजी-पाव, ऑम्लेट-पाव, चहा, पाण्याच्या बाटल्या, वेफर्स.

शंभराहून जास्त माणसं जमणार असतील तर पंचायतीला किंवा पालिकेला आधी कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करायचा, ही जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनीच आयोजकांवर टाकली. कागदावर सोपं आहे. इथं पंधरा मिनिटांत उरकायचं असतं.

(दृश्य: डब्यांची जोडी, जवळून.)

डबे नीट बघा. एकटा डबा कुठेच ठेवलेला नाही. ओला आणि सुका, जोडीनंच. एकटा ठेवला की लोक त्यात सगळंच कोंबतात. बाटल्यांच्या डब्याच्या झाकणाला बाटलीपुरतं गोल भोक. प्लेट त्यातून जातच नाही. आतली पिशवी पारदर्शक, म्हणजे काय चुकलंय ते बाहेरूनच कळतं.

शेजारी ही बादली, तिच्यावर चाळण. सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि आमच्या मते सर्वांत कामाची. अर्धवट पिऊन टाकलेली सरबताची बाटली पिशवीत सांडली की कागद भिजतो, पुठ्ठा भिजतो, आणि भिजक्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही.

"काका, आधी उरलेलं इथं ओता."

"अगो बाय, मॅच सुरू झाली तिकडे!"

कुरकुरत का होईना, काका ओततात.

(दृश्य: सामना संपलाय. ताडपत्रीवर कचऱ्याची निवड. हातमोजे घातलेले हात.)

अॅल्युमिनियमचे कॅन आधी उचलले जातात. त्यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. खनिजापासून नवं अॅल्युमिनियम काढण्यापेक्षा जुनं वितळवायला सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. पाण्याची बाटली 'पेट' (PET) नावाच्या प्लास्टिकची, तिचं झाकण वेगळ्या प्लास्टिकचं. कारखान्यात तुकडे करून पाण्यात सोडले की पेट बुडतं, झाकणाचा चुरा तरंगतो.

आता हा चहाचा कप. दिसायला कागद. कडेला नखानं खरवडा, आत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा निघतो. रद्दीत याला जागा नाही.

वेफर्सच्या चकचकीत पाकिटाची तर गतच वेगळी. एकमेकांना चिकटवलेले थर, सुटे होत नाहीत, म्हणून कुणी विकत घेत नाही. गोव्यात असा न विकला जाणारा सुका कचरा दाबून, गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जातो आणि भट्टीत इंधन म्हणून जळतो. उघड्यावर पेटवण्यापेक्षा शतपटीनं बरं. पण त्याला रीसायकलिंग म्हणायला आमची जीभ वळत नाही.

ओल्याचं त्यामानानं बरं आहे. साळगावच्या प्रकल्पात २०१६ पासून, काकोड्याला २०२२ पासून ओल्या कचऱ्याचा बायोगॅस आणि त्यातून वीज होते. फक्त त्यात चमचा जाता कामा नये. प्लास्टिकच्या चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरी ताडपत्रीवर हे दोन सापडलेच. कुणाच्या खिशातून आले, देव जाणे.

(दृश्य: चहाचा स्टॉल. वाफाळणारं पातेलं.)

निवडून निवडून मुलांच्या एक गोष्ट ध्यानात आली: ताडपत्रीवर काय पडणार, ते स्टॉलवर काय विकलं जातं त्यावरच ठरतं. मग मुलं डबे सोडून चहावाल्या मावशींकडे गेली. कागदी कप बंद करा, स्टीलचे पेले ठेवा. मावशींनी मान्य केलं, पण अट घातली: पेले धुवायला माणूस कॉलेजनं द्यायचा, आणि हरवलेल्या पेल्याचे पैसेही. क्रीडाशिक्षकांनी दोन्ही कबूल केलं. आता पेल्यामागे थोडी अनामत घेतली जाते. पेला परत केला की पैसे परत.

वेफर्सची बोलणी मात्र अडली आहेत. मावशींचं म्हणणं, "पोरं तेच मागतात रे बाबा. शेंगदाणे घेतील कोण?"

पुढच्या सामन्याला दोन्ही ठेवून बघायचं ठरलंय.