अटी डोळ्यांसमोर ठेवा

इथे बसलेल्या बहुतेकांना एक्सेलमधलं व्हीलुकअप येतं. सदस्य क्रमांक दिला की नाव मिळतं, काम झालं. पण तोच क्रमांक यादीत चुकून दोनदा पडला असेल तर? व्हीलुकअप वरून खाली येताना पहिला सापडेल तो उचलतं आणि गप्प बसतं. डीगेट हे अटीत बसणारी एकच ओळ शोधून देणारं फंक्शन गप्प बसत नाही. अटीत बसणाऱ्या दोन ओळी निघाल्या की एक्सेलमध्ये ते ‘#नम!’ दाखवतं, एकही निघाली नाही तर ‘#व्हॅल्यू!’. ही एरर बघून लोक वैतागतात. मला मात्र ती हवीच असते, कारण यादीतला घोळ तिथल्या तिथे कळतो.

डीगेट, डीसम (बेरीज), डीकाउंट (मोजणी), डीमॅक्स (सर्वांत मोठा आकडा) अशी यादीला अटी लावून उत्तर देणारी एक्सेलमध्ये एकूण 12 फंक्शन्स आहेत. 1983 साली आलेल्या लोटस 1-2-3 या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्येही डीसम होतं, इतकी ही जुनी मंडळी. सगळ्यांना तीनच गोष्टी द्यायच्या: हेडिंगसकट पूर्ण यादी, कोणत्या कॉलमचं उत्तर हवं ते, आणि अटींची रेंज.

खरी गंमत या तिसऱ्या गोष्टीत आहे. अटी फॉर्म्युल्याच्या पोटात दडत नाहीत, शीटवर उघड्या असतात. वर हेडिंग, खाली अट. एकाच ओळीतल्या अटी म्हणजे ‘आणि’, खालच्या ओळीत लिहिली की ‘किंवा’. रक्कम 500 ते 1000 हवी असेल तर ‘रक्कम’ हे हेडिंग शेजारी शेजारी दोनदा लिहा; एकाखाली >=500, दुसऱ्याखाली <=1000. ज्याला फॉर्म्युला वाचता येत नाही त्यालाही हे वाचता येतं, आणि म्हणून मला ही पद्धत इतकी आवडते.

दोन ठिकाणी मात्र सांभाळा. ‘नाव’खाली नुसतं राम लिहिलंत तर रामदास आणि रामचंद्रही येतील, कारण एक्सेल ‘रामने सुरू होणारं’ असा अर्थ घेतं. नेमका राम हवा असेल तर सेलमध्ये ="=राम" असं लिहावं लागतं.

दुसरं जास्त घातक. मी एकदा अटींची खालची ओळ पुसली, पण फॉर्म्युल्यातली रेंज तशीच राहिली. रिकामी ओळ म्हणजे ‘काहीही चालेल’, आणि ती ‘किंवा’ने जोडलेली! डीसमने अख्ख्या यादीची बेरीज दिली. एरर नाही, काही नाही. आकडा फार मोठा वाटला म्हणून शोधत गेलो, तेव्हा सापडलं.

प्रत्येक ओळीसमोर वेगळी बेरीज हवी असेल तर सरळ समइफ्स वापरा, त्यात अटी फॉर्म्युल्यातच लिहिता येतात. दर वेळी अटींचा नवा चौकोन मांडणं परवडत नाही. आणि अटींची हेडिंग हाताने टाइप करू नका. शेवटी एक स्पेस जास्त पडली तरी ते हेडिंग यादीशी जुळत नाही. बरोबरचं चिन्ह टाकून यादीतल्या हेडिंगच्या सेलवर क्लिक करा, म्हणजे तिकडे नाव बदललं की इकडेही बदलेल.