पांढरे बूट आणि व्हाइट हाउस

श्रोतेहो, नमस्कार.

बिली ग्रॅहॅम हे नाव आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत तरी नवं नाही. अमेरिकेतले बॅप्टिस्ट प्रचारक. 1918 मध्ये जन्मले, 2018 मध्ये गेले, शंभरी काही महिन्यांनी हुकली. ते मुंबईतही आले होते, 1956च्या जानेवारीत. आणि वेळ बघा कोणती! मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं नुकतंच दिल्लीहून जाहीर झालेलं, रस्त्यावर दगडफेक, लाठीमार, गोळीबार. बिचाऱ्यांची मैदानावरची सभा रद्द झाली. पुढे दक्षिणेत मात्र अफाट गर्दी जमली. पण या दौऱ्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. निघण्याआधी त्यांचं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांच्याशी बोलणं झालं होतं. सोव्हिएत रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन नुकतेच भारतात फिरून, हार घालून घेऊन परत गेले होते, आणि अमेरिकेला त्यावर काहीतरी उतारा हवा होता. शुभवर्तमान सांगायला निघालेल्या माणसाला परराष्ट्रमंत्री निरोप देतो, तेव्हा तो माणूस नक्की कोणाचा दूत?

असो. मला जी गोष्ट सांगायची आहे ती याच्याही साडेपाच वर्षं आधीची. माझी फार आवडती गोष्ट आहे, त्यामुळे जरा ऐसपैस सांगते.

14 जुलै 1950. कोरियाचं युद्ध सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. राष्ट्राध्यक्ष होते हॅरी ट्रूमन. तेही बॅप्टिस्टच, पण मिसुरीचे शेतकरी गडी, धर्माचा गाजावाजा न आवडणारे. ग्रॅहॅम तेव्हा एकतीस वर्षांचे. आदल्या वर्षी लॉस एंजेलिसला तंबू ठोकून त्यांनी आठ आठवडे सभा घेतल्या होत्या आणि देशभर नाव झालं होतं. खटपटी करून भेटीची वेळ मिळाली. किती? वीस मिनिटं.

आता प्रश्न, घालायचं काय? ट्रूमन सुट्टीवर असतानाचा एक फोटो यांनी पाहिला होता, त्यात त्यांच्या पायात पांढरे बूट. झालं! राष्ट्राध्यक्षांना पांढरे बूट आवडतात म्हणून एकाला दुकानात पिटाळलं आणि सगळ्यांसाठी पांढरे बूट आणले. ग्रॅहॅम आणि त्यांचे तीन सोबती, चौघेच्या चौघे फिकट उन्हाळी सूट, भडक टाय आणि कोरे करकरीत पांढरे बूट घालून व्हाइट हाउसच्या दारात हजर. ग्रॅहॅम यांनी पुढे स्वतःच लिहिलंय की ट्रूमनना आम्ही फिरत्या नाटक कंपनीतले वाटलो असू.

आत गेले. ट्रूमन सौजन्याने बोलले. यांनी लॉस एंजेलिसच्या, बॉस्टनच्या सभांचं वर्णन केलं, देशासाठी एक प्रार्थनेचा दिवस जाहीर करा म्हणून विनंती केली. आणि मग ग्रॅहॅमनी सरळ विचारलं, तुमच्या धर्मजीवनाचं काय? ट्रूमन म्हणाले, मी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाप्रमाणे जगायचा प्रयत्न करतो. लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं आपण त्यांच्याशी वागावं, एवढं पाळतो.

यावर त्या एकतीस वर्षांच्या पोराने काय सांगावं? तेवढ्याने भागत नाही, अध्यक्षमहाराज. ख्रिस्तावर विश्वास हवा, त्याच्या वधस्तंभावरच्या मरणावर विश्वास हवा.

ही गोष्ट पुन्हा सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या खोलीत बसून त्याने सांगितलं की तुमच्या चांगल्या वागण्याने तुमचं तारण होत नाही. तुम्हाला हा सिद्धांत पटो न पटो, त्याचा तो सिद्धांत होता आणि तो त्याने गिळला नाही.

ट्रूमन उठून उभे राहिले. वेळ संपली. ग्रॅहॅम म्हणाले, जाता जाता प्रार्थना करू का? ट्रूमन म्हणाले, करा, त्याने काही नुकसान तर व्हायचं नाही! मग यांनी राष्ट्राध्यक्षांच्या खांद्यावर हात टाकून प्रार्थना केली आणि मागून सोबती ‘आमेन, आमेन’ म्हणत राहिले. (वीस मिनिटांत जे सांगता येत नाही ते तासाभरातही सांगता येत नाही, हे माझं जुनं मत. आमच्या पाळकसाहेबांना ते अजून पटलेलं नाही.)

बाहेर वार्ताहर टपलेलेच होते. राष्ट्राध्यक्ष काय म्हणाले? यांनी सगळं सांगितलं. अक्षरशः सगळं! मग छायाचित्रकार म्हणाले, आत प्रार्थना केलीत ना, मग इथेही एकदा गुडघे टेका की. आणि हे चौघे त्या हिरवळीवर, त्या फिकट सुटांत, एक गुडघा टेकून, डोळे मिटून बसले. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत फोटो.

फोटोसाठी प्रार्थना! आपण हसायचं कारण नाही म्हणा. आपल्याकडे एक रोप लावायला चौदा हात पुढे येतात आणि चौदाही चेहरे कॅमेऱ्याकडे. त्या रोपाला नंतर पाणी कोण घालतं हे विचारायची सोय नाही. तो विषय निघाला की मी थांबत नाही, म्हणून पुढे जाते.

ट्रूमन भडकले. या माणसाला पुन्हा इकडे येऊ द्यायचं नाही, असा त्यांचा पवित्रा. ग्रॅहॅमना उशिरा कळलं की राष्ट्राध्यक्षांशी झालेलं बोलणं असं चव्हाट्यावर मांडत नसतात. कित्येक वर्षांनी, 1967 मध्ये, ते निवृत्त ट्रूमनना त्यांच्या गावी, इंडिपेंडन्सला जाऊन भेटले आणि माफी मागितली. ट्रूमन म्हणाले, अहो, तुम्हाला कोणी नीट सांगितलंच नव्हतं.

तर या प्रसंगातून ग्रॅहॅमनी धडा घेतला. कोणता? आत झालेलं बोलणं बाहेर सांगायचं नाही. मी म्हणते, नेमका हाच धडा त्यांना बाधला. आत जावं का, आत जाऊन काय बोलावं, या प्रश्नांना त्यांनी हात घातला नाही. बाहेर तोंड बंद ठेवायचं, एवढंच शिकले. आणि ज्याचं तोंड बाहेर बंद असतं असा धर्मगुरू सत्ताधाऱ्यांना फार सोयीचा असतो.

पुढचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर, जॉन्सन, सगळ्यांशी घरोबा. पण खरी मैत्री जॉन्सननंतरचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याशी. 1969च्या जानेवारीत निक्सननी व्हाइट हाउसमध्येच रविवारच्या उपासना सुरू केल्या आणि पहिल्या उपासनेत प्रवचन ग्रॅहॅम यांचं. निक्सनचे साहाय्यक चार्ल्स कोल्सन पुढे तुरुंगात गेले, नंतर कैद्यांमध्ये ख्रिस्ती सेवा करू लागले. त्यांनीच कबूल केलं की त्या उपासनांचं निमंत्रण कोणाला द्यायचं यात राजकीय हिशेब असायचा. आणि म्हणाले, दिपून जाण्यात धार्मिक पुढाऱ्यांसारखे दुसरे कोणी नसत. बाहेरच्या खोलीत तावातावाने बोलणारे आत गेले की मवाळ होत. 1970च्या मे महिन्यात तर टेनेसीत, नॉक्सव्हिलच्या स्टेडियममध्ये, ग्रॅहॅम यांच्या सभेच्या मंचावरून निक्सन बोलले. केंट स्टेट विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच महिन्यात. नॉक्सव्हिलच्या त्या सभेत विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, काहींना अटक झाली.

मग वॉटरगेट, म्हणजे निक्सनच्या माणसांनी विरोधी पक्षाच्या कार्यालयात केलेली घरफोडी आणि ती दडपण्याचं प्रकरण. 1974 मध्ये निक्सननी आपल्या कार्यालयात गुपचूप करून ठेवलेल्या ध्वनिफितींतली संभाषणं छापून आली. ती वाचून ग्रॅहॅमना मळमळलं म्हणे. कशाने? बोलून दाखवलं ते निक्सनच्या शिवराळ भाषेबद्दल. आता काय म्हणावं!

पण ग्रॅहॅम यांची स्वतःची फीत अजून यायची होती. 1 फेब्रुवारी 1972चं संभाषण, निक्सन आणि ग्रॅहॅम. ते उघड झालं 2002 मध्ये, तीस वर्षांनी. त्यात निक्सन ज्यू लोकांविरुद्ध गरळ ओकतायत, आणि ग्रॅहॅम ‘असं नका बोलू’ म्हणत नाहीत. उलट प्रसारमाध्यमांवरची ज्यूंची पकड तोडली पाहिजे असं आपणही म्हणतात. 1994 मध्ये निक्सनच्या दुसऱ्या एका साहाय्यकाची रोजनिशी छापून आली, तिच्यात याचा उल्लेख होता. तेव्हा ग्रॅहॅमनी तो नाकारला होता. फीत उघड झाल्यावर मात्र माफी मागितली.

दोन्ही खोल्या एकच, बरं का. 1950 मध्ये त्या खोलीत राष्ट्राध्यक्षाला ‘तेवढ्याने भागत नाही’ म्हणणारा माणूस 1972 मध्ये त्याच खोलीत निक्सनच्या हो ला हो करतोय. पांढरे बूट होते तोवर बरे होते असं मला वाटतं! आणि हा तोच माणूस, ज्याने 1953 मध्ये चॅटनूगाच्या सभेत गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवणारे दोर स्वतःच्या हाताने काढून टाकले होते. धीट नव्हता असं कोण म्हणेल?

दुसरे एक अमेरिकन बॅप्टिस्ट प्रचारक, जेरी फॉलवेल, यांच्याबद्दल बरंच बोलायचं होतं, पण घड्याळ बघते तर वेळ संपत आलीय. थोडक्यात एवढंच की 1965 मध्ये, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी पाद्री मोर्चात उतरले तेव्हा, फॉलवेलनी प्रवचन दिलं: प्रचारकांना राजकारणी व्हायचं पाचारण नाही, आत्मे जिंकायचं आहे. आणि 1979 मध्ये त्यांनीच ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना काढली.

ग्रॅहॅम तिच्यापासून लांब राहिले. 1981 मध्ये त्यांनी बजावलं की कडव्या उजव्यांना धर्मात रस नाही, तो वापरून घेण्यात रस आहे. 2011 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, एका मुलाखतीत म्हणाले, मोठ्या पदावरच्या माणसांची सेवा करायला मिळाली याबद्दल मी कृतज्ञ आहे, पण कधीकधी मी मर्यादा ओलांडली. आज तसं करणार नाही.

जानेवारी 2017 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीला मंचावर त्यांचे चिरंजीव फ्रँकलिन ग्रॅहॅम उभे होते. पाऊस भुरभुरायला लागला होता. फ्रँकलिन म्हणाले, अध्यक्षमहाराज, बायबलमध्ये पाऊस हे देवाच्या आशीर्वादाचं चिन्ह आहे, आणि तुम्ही मंचावर आलात तेव्हा तो सुरू झाला. नोहाची, जगबुडीच्या पावसाची, गोष्ट त्यांना त्या क्षणी आठवली नसावी.

नमस्कार.