मिठाचा तारा, द्राक्षाची काडी

डिसेंबर लागला की नाशिकच्या मेन रोडवर नाताळच्या सजावटीचे प्लास्टिकचे चकचकीत गोळे टांगलेले दिसू लागतात. हा गोळा मूळचा काचेचा. जर्मनीतल्या लाउशा गावचे कारागीर 19व्या शतकात तो फुंकून घडवायचे. आपल्या बाजारात पोचेपर्यंत काच गेली, चकाकी तेवढी उरली.

आपण आलोय नाशिकमधल्याच शरणपूरला. मिशनऱ्यांनी 19व्या शतकात वसवलेली ही वस्ती. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तेव्हा इथे हातचे उद्योग शिकवत.

आज इथल्या एका स्वयंपाकघरात परात मांडली आहे. करंज्या कालच झाल्या. हे पीठ खायचं नाही, त्याचे नाताळच्या सजावटीसाठी तारे करायचे आहेत. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि पाणी लागेल तसं, साधारण पाऊण वाटी. पुरीच्या कणकेसारखं घट्ट मळायचं. सैल झालं की ताऱ्याची टोकं लोळतात.

जाडसर पोळी लाटली. शंकरपाळ्यांचं कातणं फिरवलं की कडेला आपसूक नक्षी येते.

"अगं, भोक आधी पाड! वाळल्यावर पाडशील तर दोन तुकडे हातात येतील," काकू पुतणीला दटावतात. रिकाम्या रिफिलचं टोक त्यासाठी पुरतं.

खरं काम पुढे आहे, वाळवण्याचं. घाईने तापलेल्या ओव्हनमध्ये घातलं की आत वाफ कोंडते, तारे फुगतात, तडकतात. त्यापेक्षा नाशिकची कोरडी थंडी बरी. गच्चीवर जाळीवर पसरायचे आणि रोज उलटायचे. बोटाने टिचकी मारली की टणक आवाज आला पाहिजे. मग रंग, आणि दोन्ही बाजूंनी वार्निश, अगदी भोकाच्या आतूनसुद्धा, कारण मीठ हवेतली ओल ओढतं. घरात कुत्रा असेल तर तारे उंच टांगा. एवढं मीठ त्याला बाधतं.

दुसरा माल तर फुकटच आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळं धरण्यासाठीच्या छाटणीनंतर, द्राक्षबागेत काड्यांचे ढीग पडतात. त्यातल्या बारीक काड्या रात्रभर बादलीत भिजवल्या की वाकतात. तळहाताएवढं कडं वळायचं, टोक आत खोचायचं, वर सुतळीची गाठ. कुणी त्यावर सोनेरी चमकी भुरभुरतात. कशाला? सालीचा तपकिरी रंग, मधूनच वळलेला वेलीचा एखादा ताणा, याहून देखणं काय असणार!

मैदा, मीठ, सुतळी, सगळं मिळून 60-70 रुपयांत भागतं. रंग-वार्निश मुलांच्या चित्रकलेच्या सामानातून निघालं. त्यामुळे 'कुणाला द्यायचं' याची यादी आखडती घ्यावी लागत नाही. नाताळच्या फराळाच्या प्रत्येक ताटात एकेक दागिना. दिवाळीत ज्यांच्या घरून चकल्या आल्या, त्यांच्याकडे आधी.

शेजारच्या आजींनी गेल्या वर्षीचा तारा किल्ल्यांच्या खुंटीला लावला होता. पावसाळ्यात त्याला ओल सुटली, एक टोक गळून पडलं. यंदा त्यांच्या ताटात काडीचं कडं जाणार आहे.