आगोटीआधी घरटी उतरवा

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना सरत आला की कोकणात कोणाला बसायला फुरसत नसते. कौलं चाळायची, लाकडं आत टाकायची, सुकी मासळी नि मीठ-मिरची भरून ठेवायची. ज्यांच्या पडवीत फिंच (चिमणीसारखे दाणे खाणारे छोटे पक्षी) किंवा डव्ह (छोटे होले) यांचे पिंजरे आहेत, त्यांनी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, या कामांत आणखी एक घालावं. पिंजऱ्यातली घरटी उतरवावीत, धुऊन वाळवावीत आणि माळ्यावर टाकावीत. नवरात्रापर्यंत तिथंच राहू देत, म्हणजे पावसाळाभर वीण थांबेल.

काही जणांना हे रुचणार नाही. जोडीनं पहिली अंडी घातली की नवख्या माणसाला पेढे वाटावेसे वाटतात. पण झेब्रा फिंचकडून अंडी मिळवण्यात कसलंही कसब नाही. हा पक्षी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला. तिथं पावसाचा नेम नसतो, म्हणून पाऊस पडून गवतात दाणा धरला की महिना-ऋतू न बघता हा संसार मांडतो. आपल्याकडे त्याच्यापुढे दाण्याची वाटी बारा महिने भरलेली. तो थांबणार कशाला? चार ते सहा अंडी, १२ ते १४ दिवस उबवणं, तीनेक आठवड्यांत पिल्लं घरट्याबाहेर, आणि ती धड दाणा सोलायला शिकतात न शिकतात तोच मादी पुन्हा अंड्यांवर. अशी लागोपाठ वीण झाली की तिच्या अंगातलं कॅल्शियम संपत जातं, कवच मऊ राहतं आणि अंडं पोटातच अडकतं. सकाळी मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेली दिसली तर आधी हाच संशय घ्यावा. तिला बल्बची ऊब द्यावी आणि पशुवैद्य गाठावा, संध्याकाळची वाट बघू नये.

डायमंड डव्हचं थोडं वेगळं. हेसुद्धा ऑस्ट्रेलियातलेच, चिमणीपेक्षा जरा मोठे, राखाडी पंखांवर पांढरे ठिपके. नराच्या डोळ्याभोवतीचं लाल कडं मादीपेक्षा जाड. अंडी दोनच, आणि नर-मादी दोघंही आळीपाळीनं उबवतात. पिल्लांना पहिले दिवस दाणा चालत नाही, आई-बाप गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा पांढरा, दाट स्राव पाजतात. या जोडीची अंडी नुसती काढून घेतलीत तर ती थोड्याच दिवसांत पुन्हा दोन घालते, म्हणजे मादीची झीज दुप्पट. त्यावर उपाय सोपा आहे. खरी अंडी उचलून त्या जागी प्लॅस्टिकची ठेवा. जोडी त्यांच्यावर बसून राहते, कंटाळली की आपणहून उठते. तेवढीच मादीला विश्रांती.

पावसाळ्यात वीण नको म्हणण्याचं दुसरं कारण दाण्यात आहे. राळा काय, बाजरी काय, आषाढात चार दिवस उघडी राहिली की तिला कुबट वास येतो. ती बुरशी. मोठा पक्षी कदाचित तगेल, पिल्लू तगत नाही. दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात, थोडा थोडाच आणावा. आणि वाटी भरलेली दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. फिंच दाणा सोलून खातो नि फोलपट तिथंच टाकतो. हलकी फुंकर मारून बघा, वरची फोलपटं उडाली की खाली वाटीचा तळ दिसतो.

आपल्या किनाऱ्याचा एक फायदा मात्र घ्यावा. शहरातली मंडळी दुकानातून विकत आणतात ते समुद्रफेन इथं भरतीच्या रेषेवर फुकट सापडतं. माकुलाच्या पाठीतलं ते लांबट पांढरं हाड. एक बाजू टणक, दुसरी इतकी मऊ की नखानं ओरखडा उठतो. रोज पाणी बदलत काही दिवस गोड्या पाण्यात भिजवून खार काढायचा, कडक उन्हात वाळवायचं आणि मऊ बाजू पक्ष्याकडे करून जाळीला बांधायचं. डव्ह दाणा अख्खा गिळतात, त्यांना तो पोटात दळायला बारीक खडी लागते. कालवांची शिंपलं कुटून त्यात मिसळली की झालं.

उंदीर, धामण, मुंग्या यांचं कोकणात कोणाला सांगायला नको. जाळी अर्ध्या इंचाची घ्या, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. डासांची कॉईल मात्र पिंजऱ्याजवळ कधीच लावू नका.

आता कायद्याचं. आपल्या रानातली मुनिया, दयाळ, आवारात घुमणारा होला, यांना पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. मुनियांना हिरवा-लाल रंग फासून बाजारात विकतात, त्या घेऊ नका. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, तिथं कळवा. गंमत अशी, की दुकानात मिळणारा बेंगाली फिंच हा पांढऱ्या पाठीच्या मुनियेचाच पाळीव वंशज. ती मुनिया आपल्या घाटात आजही रानोमाळ आहे. तिची चीनमधून नेलेली जात जपानात सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीपासून पिंजऱ्यात वाढवली गेली. हे पाळीव नर रानातल्या भाऊबंदांपेक्षा गुंतागुंतीचं गातात, असं जपानी संशोधक काझुओ ओकानोया यांनी दाखवलंय.

गाण्याचं निघालंच आहे तर सांगतो. डव्हचं घुमणं जन्मजात असतं, ते कोणाच्याही घरट्यात वाढले तरी आपलंच घुमतात. फिंच शिकतो. झेब्रा फिंचमध्ये फक्त नर गातो, जत्रेतल्या पिपाणीसारखं, आणि ते गाणं तो बापाकडून उचलतो, साधारण तीन महिन्यांचा होईपर्यंत. बेंगालीच्या जोडीनं वाढवलेला झेब्रा नर बेंगालीची लकब उचलतो. एकटाच वाढला तर त्याचं गाणं वेडंवाकडंच राहतं. माझ्या मते घाईनं पिल्लू देणारा पाळणारा घेणाऱ्याला अर्धाच पक्षी देतो. तेव्हा मेमध्ये फुटलेल्या अंड्यातला नर कोणी आत्ताच मागायला आलं, तर चहा पाजा आणि गणपतीनंतर या म्हणून सांगा.

नमस्कार.