ब्रह्मपुत्रेकाठचा रंग

मंडळी, शाळेच्या नकाशावहीतला भारतीय भाषांचा नकाशा आठवा. महाराष्ट्रावर एक रंग, गुजरातवर दुसरा, आणि पार उजव्या कोपऱ्यात ब्रह्मपुत्रेच्या काठाकाठाने गेलेली एक चिंचोळी पट्टी. तिच्यावर लिहिलेलं असतं ‘असमिया’.

तेवढ्या रंगासाठी माणसं फार झगडली आहेत. 1836 साली इंग्रजांनी आसामातल्या कचेऱ्यांत आणि शाळांत बंगाली आणली. असमिया ही बंगालीचीच बोली, असं अनेक साहेबांचं मत होतं. तेव्हा कुणी नकाशा रंगवला असता, तर बंगालीचा रंग थेट पूर्व आसामातल्या शिवसागरपर्यंत गेला असता. त्याच शिवसागरातून अमेरिकन मिशनऱ्यांनी 1846 साली ‘ओरुनोदोई’ हे असमिया मासिक सुरू केलं. असमिया लेखक आनंदराम ढेकियाल फुकन यांनी 1855 साली पुस्तिका लिहून आपल्या भाषेची बाजू मांडली. असमिया कचेरीत परतली ती 1873 मध्ये. सदतीस वर्षांनी! म्हणजे दीड पिढी परक्या भाषेत शिकली.

पण हाच रंग आता दुसऱ्यांना झाकतो, हे मला आज मुद्दाम सांगायचं आहे. 2011 च्या जनगणनेत आसामात असमिया ही मातृभाषा सांगणारे सुमारे 48 टक्के होते. निम्म्याहूनही कमी. ज्या भाषेचे लोक सर्वांत जास्त, तिचा रंग सगळ्या जागेवर फासायचा, हा नकाशाचा रिवाज.

ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर चला. मिसिंग लोकांची घरं बांबूच्या खांबांवर उंच बांधलेली असतात आणि घराखालच्या सावलीत माग मांडलेला असतो. मागावर बसलेली सासू सुनेला धागा सांभाळायला सांगते ती मिसिंगमध्ये. तीच बाई कमलाबाडीच्या बाजारात भाव करते तो असमियात. मिसिंग बोलणारे सहा लाखांहून जास्त आहेत. नकाशात मात्र त्या घरावर एकच रंग, बाजाराचा.

नागालँडात याच्या उलट. आओ आणि अंगामी या वेगवेगळ्या भाषांच्या नागा जमातींची माणसं दिमापूरच्या बाजारात भेटली की असमियातूनच घडलेली नागामीज बोलतात. ती फारशा कुणाची मातृभाषा नाही, म्हणून तिला रंगच नाही.

आपल्याकडेही पाहा. इंग्रजी राजवटीतले अधिकारी ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात कोकणी मराठीच्या खंडात, मराठीची बोली म्हणून आली, आणि आपल्यातल्या पुष्कळांनी तेच धरून ठेवलं. 1992 साली कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत गेली, तरी तो वाद मिटला नाही. असमियाची कथा ऐकताना आपण मनाने असमियाच्या बाजूला बसतो. कोकणीच्या वादात मात्र आपण बंगालीच्या जागी होतो.

आणि अहिराणी? जनगणनेत ‘खानदेशी’ या नावाखाली अठरा लाखांवर माणसं आहेत. नकाशावही उघडून धुळं शोधा आणि त्यावर कोणता रंग आहे ते पाहा.