आधी टाकी वसवा, मग मासे

नमस्कार श्रोतेहो.

नवरात्र तोंडावर आलं आहे. दसऱ्याच्या खरेदीत यंदा आपल्या इंदुरातल्या काही घरांत तरी मुलांनी माशांच्या टाकीचा हट्ट धरला असेल. हट्ट जरूर पुरवा. फक्त टाकी, फिल्टर, रंगीत खडे आणि सहा गोल्डफिश असं सगळं एकदमच रिक्षात ठेवून द्यायला दुकानदार निघाला, तर मासे तेवढे त्याच्याकडेच राहू द्या. टाकी दसऱ्याला आणा, मासे तुळशीच्या लग्नानंतर. मधला महिना वाया जात नाही. खरं काम त्या महिन्यातच होतं.

‘चार दिवस छान पोहत होते हो, मग एकेक करून गेले.’ टाकी नवी असली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. कुणी दृष्ट लागली म्हणतं, कुणी मासेच नाजूक होते म्हणतं. होतं असं, की मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो, आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर घालतं. नदीत तो वाहून जातो, पन्नास लिटरच्या टाकीत तो कुठे जाणार? अमोनियाला रंग नाही, म्हणून पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि त्याच पाण्यात मासा गुदमरत असतो.

यावर निसर्गाचीच तोड आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, त्यानं माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच निरुपद्रवी असतं, आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर राहतात. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि थंडी पडली की आणखी थोडे.

तेव्हा टाकी भरा, फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा आणि रिकाम्या टाकीतच रोज चिमूटभर खाणं टाका. ते कुजेल, अमोनिया होईल, जिवाणूंना खुराक मिळेल. ओळखीत कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा मागून आणा. दुधाला विरजण लावावं तसं काम होतं, वेळ पुष्कळ वाचतो. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ दिसलं तर घाबरून सगळं उपसू नका, आपोआप निवळतं. आणि स्पंज नळाखाली चोळून धुवायची आपली स्वच्छतेची सवय इथे आवरायची. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळायचा.

आता आपल्या शहराच्या पाण्याबद्दल. जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, १९७८ पासून नर्मदा आपल्या नळाला येते आहे. हे पाणी गोड, पण त्यात क्लोरीन असतं. क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं आणि जिवाणूही मारतं. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवा, नाहीतर दुकानात मिळणारे क्लोरीन घालवायचे थेंब टाका. घोळ होतो तो हौदात. नळ बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतो, आणि हौदात नर्मदा नि बोरिंग एक होतात. माळव्याच्या काळ्या पाषाणातलं बोरिंगचं पाणी बहुधा जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं असतं. गप्पी, मॉली त्यात मजेत राहतात, निऑन टेट्राला ते मानवत नाही. म्हणून मासे निवडण्याआधी हौदातलं पाणी तपासा. आरओचं नुसतं पाणी मात्र नको, त्यात क्षार फारच कमी उरतात.

तपासणीचं किट जरूर घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार. तोवर ‘झालं असेल’ म्हणू नका.

मासे आणायला संध्याकाळी जा. दुकानात ते किती दिवसांपासून आहेत ते विचारा, कारण रंगीत मासे पुष्कळदा चेन्नई, कोलकात्यासारख्या लांबच्या गावांहून येतात. कालच उतरलेला मासा नको. घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद करा आणि पिशवी न उघडता पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं होतं. मग रबरबँड काढा, पिशवीचं तोंड बाहेरच्या बाजूला दुमडत न्या, त्या घडीत हवा राहते आणि पिशवी उभी तरंगते. दर पाच मिनिटांनी टाकीतलं एकेक वाटी पाणी आत घाला, चार-पाच वेळा. शेवटी मासे जाळीनं अलगद उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, मोरीत ओतायचं.

मासे लांबून, पाच-सहा तासांचा प्रवास करून आले असतील तर मात्र हा सोहळा आवरता घ्या. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी होतं आणि अमोनियाचा दाह कमी राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पाण्याची आम्लता उतरते, म्हणजेच पीएच चढतो. पीएच सातावरून आठावर गेला तर विषारी अमोनियाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. म्हणजे लांबून आलेला मासा उघड्या पिशवीत तासभर ठेवणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. अशा वेळी तापमान जुळलं की लगेच सोडा.

पहिल्या रात्री खाणं नाही, दिवा नाही, काचेवर टकटक नाही. मुलांना हे पटवणं सगळ्यात अवघड, मला माहीत आहे. झाकण ठेवा, बावरलेला मासा उडी मारतो. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांत संपेल इतकंच खाणं द्या. सुरुवातीला तीन-चारच छोटे मासे. गोल्डफिश घाण फार करतात, त्यांना टाकी मोठी लागते. काचेच्या गोल भांड्यात ठेवायची फॅशन मला तरी क्रूर वाटते. डिसेंबरात इथली रात्र दहा अंशांपर्यंत उतरते. गप्पी, एंजल, टेट्रा असतील तर हीटर लावून पंचवीसच्या आसपास ठेवा, आणि पाणी बदलताना हीटर आधी बंद करा.

मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागला, पर मिटून कोपऱ्यात बसला, तर औषधाची बाटली शोधण्याआधी पाण्याची तपासणी करा. अमोनिया निघाला तर पाव ते एक तृतीयांश पाणी क्लोरीन घालवून बदला, खाणं थांबवा, हवेचा पंप वाढवा.

पुढचे मासे दोन-तीन आठवड्यांनी आणा, तेही थेट टाकीत नकोत. बादलीत किंवा छोट्या टाकीत, स्पंज फिल्टर लावून, दोन आठवडे वेगळे ठेवा. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो रोग तिथेच थांबतो. त्या बादलीची जाळीही वेगळी ठेवा.