पत्त्यात काय ठेवायचं, काय नाही

भाड्याच्या घरांची साइट घ्या. पुणे, दोन बीएचके, भाडं २५ हजारांपर्यंत, स्वस्त घरं आधी, तिसरं पान. एवढं सगळं लावून लिंक घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर समोरच्याला साइटचं कोरं पहिलं पान दिसतं. निवड पानामागच्या जावास्क्रिप्ट कोडच्या मेमरीत राहिली, यूआरएलमध्ये, म्हणजे पानाच्या पत्त्यात, आलीच नाही. रिफ्रेश केलं तर तुमचीही जाते.

यूआरएलमध्ये काय जावं? लिंक उघडणाऱ्या दुसऱ्या माणसाला ते तसंच दिसायला हवं असेल, तर जावं: फिल्टर, क्रम, पान, उघडा टॅब, नकाशाचा मध्यबिंदू आणि झूम. ड्रॉपडाउन उघडा आहे की बंद, हे कुणाला पाठवायचंय? डार्क मोड ज्याचा त्याच्याकडे, लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात. लॉगिनचं टोकन (लॉगिन झाल्याची खूण पटवणारा गुप्त कोड) किंवा मोबाइल नंबर मात्र पत्त्यात कधीच नको. यूआरएल ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहतो आणि प्रश्नचिन्हानंतरचा भाग सर्व्हरच्या लॉगमध्येही उतरतो. हॅश (#) चिन्हानंतरचा भाग सर्व्हरकडे जातच नाही, म्हणून यादी सर्व्हरवर तयार होणार असेल तर फिल्टर हॅशमध्ये ठेवून उपयोग नाही.

आता खरी गोम. पान नव्याने न उघडता पत्ता बदलायला जावास्क्रिप्टमध्ये दोन फंक्शन आहेत: पुशस्टेट हिस्ट्रीत नवी नोंद घालतो, रिप्लेसस्टेट चालू नोंदच बदलतो. खोल्यांची संख्या बदलली, पुश करा. बॅक दाबल्यावर आधीची निवड परत यायला हवी. शोधाच्या चौकटीत टायपिंग चालू असेल तर रिप्लेस, तेही बोटं थांबल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी. प्रत्येक अक्षराला पुश केलं तर ‘कोथरूड’ लिहिणाऱ्याला बाहेर पडायला पाच-सहा वेळा बॅक दाबावं लागतं. भाड्याच्या स्लायडरचं तर विचारूच नका. थोड्या सेकंदांत शंभरावर कॉल गेले की सफारी ब्राउझर सरळ एरर फेकतं, आणि त्या मोजणीत रिप्लेसस्टेटही धरलेला असतो.

दुसरी नेहमीची गफलत पॉपस्टेटची. हा इव्हेंट, म्हणजे ब्राउझरने कोडला दिलेली सूचना, बॅक-फॉरवर्डला येतो. तुम्ही स्वतः पुशस्टेट केलंत तर येत नाही. त्यामुळे कुणाचा पत्ता बदलतो पण यादी तीच राहते, तर कुणाचं बॅक दाबूनही पडद्यावर काही हलत नाही. यूआरएल वाचून पडदा रंगवणारं एकच फंक्शन ठेवा आणि पान उघडताना, पुश केल्यावर, पॉपस्टेट आल्यावर, तिन्ही वेळा तेच बोलवा. पॉपस्टेटच्या आत मात्र पुश करू नका. पुढच्या नोंदी पुसल्या जातात आणि फॉरवर्ड बटण मरतं.

वाचताना कशावरही विश्वास नको, पत्ता कुणीही हाताने बदलतो. पान उणे पाच असेल, तर पहिलं दाखवा. कमाल भाडं पत्त्यात नसेल तर यूआरएलसर्चपॅरम्सचा (पत्त्यातली मूल्यं वाचणाऱ्या साधनाचा) गेट नल, म्हणजे ‘काहीच नाही’, देतो, आणि नलला नंबरमध्ये टाकलं की शून्य मिळतं. म्हणजे शून्य रुपयांपर्यंतची घरं, यादी रिकामी, आणि एरर कुठेच नाही! आधी नल तपासा, मग आकडा करा. फिल्टर बदलला की पान पुन्हा एकवर आणायलाही विसरू नका. नाहीतर सात घरांच्या यादीचं तिसरं पान उघडतं.

आपल्या लिपीचा खर्चही मोजा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला टक्केचिन्ह धरून तीन जागा लागतात. ‘पुणे’ म्हणजे काना-मात्रा-उकारांसकट चार चिन्हं, म्हणजे ३६ जागा. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये विनंतीची पहिली ओळ आठ किलोबाइटपर्यंतच घेतो, त्यापुढे ४१४, म्हणजे ‘पत्ता फार लांब’ हा एरर. वीस-पंचवीस परिसरांची नावं एकदम निवडू द्यायची असतील तर पत्त्यात नावांऐवजी छोटे कोड घाला.

मूळ मूल्यं (डिफॉल्ट, म्हणजे कुणी काही न निवडल्यास साइट धरते ती) पत्त्यात लिहू नयेत, असा सल्ला सर्रास मिळतो. पत्ता आटोपशीर राहतो, हे खरं. पण उद्या मूळ क्रम ‘स्वस्त आधी’वरून ‘नवीन आधी’ केलात, तर क्रम न लिहिलेल्या सगळ्या जुन्या लिंक गुपचूप वेगळी यादी दाखवू लागतात. जे मूळ मूल्य बदलण्याची शक्यता आहे, ते लिहाच. पत्ता दहा-बारा अक्षरांनी लांबला तरी चालेल.